दीड आणि दीड

आमच्या माराकाइबोत वीज कधी जात नाही.
सरोवराच्या पार दक्षिणेला, काताटुंबोच्या मुखाशी
ती रात्र रात्र लखलखते,
इतक्या लांब की गडगडाट इथवर पोचत नाही,
नुसतं आभाळ उघडतं, मिटतं.
घरात तेवढी नसते.

मी बावीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होतो.
या गल्लीतल्या प्रत्येक खांबाची उंची
माझ्या पोटऱ्यांना पाठ आहे.
महिन्याच्या पगारात एक कोंबडी येईना
तेव्हा पट्टा परत केला, हातमोजेही.
हातमोजे नाही केले. खोटं कशाला बोलू.

आज चौथी रात्र.
पत्र्याखाली हवा उभी आहे
कचेरीपुढे रांग उभी असते तशी,
पुढे सरकायचं नाव नाही.

युलेनी फरशीवर बसलीय, वय वर्षं नऊ,
नेरियोकाकाकडून मागून आणलेल्या मेणबत्तीपाशी.
आईने बारांक्वियाहून धाडलेली लाल मोटार
तिने उलटी पाडून खोललीय.
चाकं इकडे, टप तिकडे,
आणि मोटारीतून निघालीय मोटर,
सुपारीएवढी.

मी म्हटलं, अगं, आईने पाठवलेली.
ती म्हणाली, मग काय झालं,
एक चाक तुटल्यापासून
जागच्या जागी गोल फिरत होती फक्त.
फिरायचंच तर कामाचं फिरू दे.

बाटलीचा गळा कापला.
त्याच्या सहा पाकळ्या केल्या, एकेक जरा पिळली.
बुचाला तापल्या खिळ्याने भोक.
भोक सैल झालं, तर तोंडातलं च्युइंगम काढून
त्यात दाबलं, माझ्याकडे न बघता.
सेल काढले टीव्हीच्या रिमोटमधले.
एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचे पाय,
वहीच्या कागदात गुंडाळी, वर काळी पट्टी.

दीड आणि दीड किती, मी विचारलं.
पपा, ही काय शाळा आहे?

मग तिने तार टेकवली
आणि मेणबत्ती विझली.

पंखा फिरत होता, झकास फिरत होता,
पण वारा पाठीमागे टाकत होता.
अंधारात मी घसा खाकरला.
बावीस वर्षं जमा होतीच घशात:
हे बघ बाळा, याला म्हणतात धन,
याला म्हणतात ऋण, आणि प्रवाह जो असतो...

काताटुंबोकडे आभाळ उघडलं, मिटलं.
तेवढ्या उजेडात दिसलं,
तिने तारांना हातसुद्धा लावला नव्हता.
बुटांचा खोका, ज्यावर सगळा संसार चिकटवलेला,
तो सरळ फिरवून ठेवला होता
तोंड तिकडे, पाठ इकडे.

वारा आला.
फार नाही. गरम चहावर फुंकर मारावी इतकाच,
आणि त्याला च्युइंगमचा, स्ट्रॉबेरीचा, वास.

निजताना खोका तिने स्वतःकडे ठेवला.
मी झोपलो असं वाटल्यावर
हळूच माझ्याकडे वळवला.
मी डोळे उघडले नाहीत.
माझ्या आजाऱ्याला वारा घालायची पाळी
यायला अजून वेळ होता असं मी धरून चाललो होतो.

पावणेतीनच्या सुमारास सेल संपले.
घरघर बारीक होत गेली, मग
घाम आपल्या जागेवर परत आला.

चार वाजता वीज आली,
ती घरातली. आणि तिच्याबरोबर टीव्ही,
चार रात्रींपूर्वीच्या आवाजात, पूर्ण गळा काढून.
रिमोट हातात होता, पोट रिकामं.
टीव्हीची बटणं तर केव्हाचीच गेलेली.
नेरियोचा कुत्रा उठला, नेरियो उठला,
भिंतीवर बुक्के.
आयुष्यभर लोकांच्या घरात वीज पोचवणारा मी
धावत गेलो आणि प्लग उपटला.

शांत झालं.
युलेनी हलली नव्हती, एक हात खोक्यावर.
वर छताचा पंखा वेग घेत होता,
आणि त्याच्या वाऱ्याने
खालच्या सहा पाकळ्या
अडखळत, उलट्या दिशेने,
फिरायला लागल्या होत्या.